जवान गेल्यावर गावात जे उरते: मराठी चित्रपटकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस

सप्रेम नमस्कार.

युद्धाच्या दिवसांतली, खेड्यात घडणारी प्रेमकथा पडद्यावर आणावी असे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असते. पण अशा चित्रपटांचा साचा आता प्रेक्षकाला पाठ झाला आहे. हिरवे शेत, विहिरीवरची पहिली नजर, घाईघाईतले लग्न, एसटीच्या खिडकीतून हलणारा हात. मध्यंतरानंतर तासभर बर्फ, बंदुका आणि धूर. शेवटी तिरंग्यातली पेटी गावात येते, नायिका एकदा हंबरडा फोडते आणि श्रेयनामावली सुरू होते. माझी तक्रार त्या मधल्या तासाबद्दल आहे. नायक आघाडीवर निघाला की तुमचा चित्रपटही त्याच्या मागोमाग निघून जातो, आणि जिच्यामुळे ती प्रेमकथा झाली ती बाई दोन गाण्यांपुरती उरते.

मी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून केली. माझे मागणे एकच आहे. जवान गाडीत बसला की तुम्ही त्याच्याबरोबर जाऊ नका, गावातच थांबा. युद्धातल्या प्रेमाची गोष्ट तिथे घडत असते, आणि मराठी पडद्याने ती अजून नीट सांगितलेली नाही.

हे मागणे नाशिकमधून यायला कारण आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली पहिला चित्रपट दाखवल्यावर पाचेक वर्षांत त्यांची चित्रपट कंपनी नाशकात उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी देह ठेवला. तेव्हा दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी आगगाडीने देवळालीला येत, तिथून पुढे रवाना होत. तोफखान्याची शाळा त्याच सुमारास देवळालीला आली आणि इथलीच झाली. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ चे. पुढे १९६४ मध्ये ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आला. भारतीय सिनेमाचा जनक जिथे राहिला आणि गेला, त्याच जिल्ह्याच्या शिवारात युद्ध पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. तरीही इथल्या खेड्यातल्या माणसांनी युद्धाच्या काळात प्रेम कसे केले, हे सांगणारा एकही चित्रपट मला आठवत नाही.

माझी एक शाळा देवळालीच्या फायरिंग रेंजच्या अंगाला होती. सरावाचे बार सुरू झाले की खिडक्यांची तावदाने थरथरत. पोरे पाढे म्हणत राहायची, बांधावरच्या गायी मान वर करायच्या नाहीत. नव्याने नांदायला आलेली सून पहिल्या आठवड्यात दचकायची, मग तिलाही सवय व्हायची. पण जिचा नवरा सीमेवर होता ती बाई त्याच बाराला भाकरी थापता थापता थांबायची. इतरांना न ऐकू येणारा आवाज तिला ऐकू यायचा. असा प्रसंग पाहायला काश्मीरला जावे लागत नाही.

आता पत्रांविषयी सविस्तर लिहिते, कारण चित्रपटातली प्रेमिकांची पत्रे पाहिली की मला राहवत नाही. तुमची नायिका झाडाखाली एकटी बसून पत्र वाचते आणि पार्श्वभूमीला नायकाचा मऊ आवाज येतो. खेड्यात तसे नव्हते. जवानाचे पत्र वडिलांच्या नावाने यायचे. ‘तीर्थरूप बाबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार’ इथपासून सुरुवात. मग आई, थोरले भाऊ, वहिनी, काका, शेजारचे अण्णा, सगळ्यांना नमस्कार आणि धाकट्यांना आशीर्वाद. बायकोचा उल्लेख नाही. आईबापांच्या पत्रात बायकोची चौकशी करणे हे लाज सोडल्यासारखे. पत्र वाचायचे कोणी? शिकलेला पुतण्या, नाहीतर शाळेतले गुरुजी, नाहीतर पोस्टमनच. वाचन ओट्यावर, चारचौघांत. सासरा खाटेवर, सासू उंबऱ्याशी, आणि जिच्यासाठी खरे तर पत्र होते ती आत, दाराच्या फळीमागे, हातातले काम न थांबवता.

श्रीलंकेत शांतिसेना गेली होती, १९८७ ते १९९० चा तो काळ. तेव्हा अशी पत्रे मी वाचून दाखवली आणि लिहूनही दिली. एका पत्रात शेवटून दुसरी ओळ असायची, ‘काळ्या गाईला वेळेवर पाणी दाखवत जावे, ती आपणहून मागत नाही.’ घरात काळी गाय नव्हती. म्हाताऱ्याला वाटे, पोरगा विसरला असेल. आत भांडे खाली ठेवल्याचा आवाज यायचा आणि मला कळायचे की ओळ पोचली. उत्तर लिहायची वेळ आली की सासू सगळे सांगून झाल्यावर म्हणे, ‘तुला काही सांगायचं का गं?’ ती म्हणे, ‘मला काय सांगायचंय.’ थोड्या वेळाने, मी निघताना, पाण्याचा तांब्या देता देता हळूच म्हणे, ‘बाई, गाय पाणी पिती म्हणून लिवा.’ पटकथेला याहून काय हवे असते? साऱ्या घराच्या देखत, कुणालाही न कळता, दोन माणसे एकमेकांची विचारपूस करत होती.

त्यात आणखी एक डोळा होता. लढाईच्या काळात लष्करी टपालावर सेन्सॉर असे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रेही अशीच तपासली गेली, त्यांतल्या कित्येकांचे इंग्रजी उतारे लंडनमध्ये जपून ठेवले आहेत. अक्षरओळख नसलेला शिपाई कुणाला तरी मजकूर सांगत असे, तो लिहून घेत असे, अधिकारी वाचत असे, आणि घरी पुन्हा तिसरेच कुणी मोठ्याने वाचत असे. बायकोपर्यंत शब्द यायला एवढी माणसे ओलांडावी लागत. आपल्या काळातही जवानाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसायचे. नुसता लष्करी टपालघराचा आकडा, ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’. नवरा लडाखमध्ये आहे की राजस्थानात, हे घरी माहीत नसे. एक बाई मला विचारायची, ‘हे छप्पन्न कुठल्या जिल्ह्यात आलं?’ मी नकाशा काढून बसे आणि मला तो आकडा कुठेच दाखवता येत नसे.

मनीऑर्डरचीही हीच गोष्ट. फॉर्मच्या तळाशी एक छोटे कुपन असे, निरोपाच्या चार ओळी मावतील एवढे. पैसे वडिलांच्या नावाने, अंगठा वडिलांचा, नोटा वडिलांच्या कोपरीच्या खिशात. कुपन मात्र घरात कुठेतरी पडून राहायचे आणि ते कोण उचलून ठेवते याकडे कुणाचे लक्ष नसायचे. फळीवरच्या डब्यात, कुंकवाच्या करंड्याखाली अशी कुपने जपलेली मी पाहिली आहेत. ‘पैसे पाठविले आहेत, बी-बियाणे घ्यावे, मी खुशाल’ एवढाच त्यावर मजकूर. ती ते वाचू शकत नव्हती, पण अक्षर त्याचे होते.

तेव्हा कृपा करून तुमच्या नायिकेच्या तोंडी ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ हे वाक्य घालू नका. जिथे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाण्याचे निमित्त लागत होते तिथे हे वाक्य कानाला बोचते. जात्यावरच्या ओव्या ऐका. भावावर, आईवर, लेकरांवर, पंढरीवर शेकडो ओव्या सापडतील. नवऱ्याविषयी बोलायचे तर बाई वळसा घेऊन बोलते. त्या वळशात तिचे सगळे मन असते. तुम्ही संवादलेखकाला सांगा की प्रेमाची गोष्ट सांगायची आहे, पण प्रेम हा शब्द वापरायचा नाही. चांगल्या लेखकाला त्यातून बळच मिळेल.

तारेबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तोवर खेड्यात तार म्हणजे वाईट बातमी. पण पलटणीतल्या माणसाला रजा मिळवायची तर घरून तार लागायची, ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.’ पेरणीला माणूस हवा म्हणून, जमिनीचा वाद आला म्हणून, बहिणीचे लग्न ठरले म्हणून धडधाकट आईला अशी कितीदा आजारी पाडले असेल. नवी सून आपल्यासाठी तशी तार करा म्हणून कुणाला सांगणार? आणि एखाद्या आईची तब्येत खरोखरच बिघडली, आणि वर अधिकाऱ्याला आता तारेवर विश्वास उरला नाही, तर? रजा मिळाली तरी दोन महिन्यांची. नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात घातलेली काळी पत्र्याची ट्रंक ओट्यावर उतरली की घर पाहुण्यांनी भरायचे. दिवसभर बैठक पुरुषांची, लढाईच्या गोष्टी, कॅन्टीनची बाटली. एकखणी घरात त्या दोघांना बोलायला जागा कुठे? शेतावरच्या पाणभरणीला रात्री जाणे हाच काय तो एकांत. लग्नाला पाच वर्षे झालेली जोडपी हिशेबाने जेमतेम काही महिने एकत्र राहिलेली असत. अशा माणसांना एकमेकांची ओळख होते कशी, ही तुमच्या चित्रपटाची गोष्ट होऊ शकते.

पराक्रम मी कमी लेखत नाही. आमच्या सिन्नरला लागून संगमनेर तालुका, तिथल्या निमज गावच्या नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणले, शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मराठा पलटणीच्या या माणसाची कथा प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवी. पण त्या एप्रिलमध्ये निमजसारख्या गावांत काय चालले होते? दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेले. तेवढी घरे आपापल्या ओट्यावर वाट पाहत होती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. पाटीवर आकडे आहेत, नावे नाहीत. बायकांची तर नाहीतच. पंजाबच्या वाट्याला निदान चंद्रधर शर्मा गुलेरी आले, ज्यांनी १९१५ मध्ये, लढाई चालू असतानाच, ‘उसने कहा था’ लिहिली. बालपणीचा अमृतसरच्या बाजारातला एक शब्द आणि फ्रान्सचा खंदक त्यांनी एका धाग्यात ओवला. १९६० मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही झाला. मराठीला अशी कथा कुणी द्यायची?

विषय शोधायला दूर जाऊ नका, या जिल्ह्याच्या इतिहासातच ते आहेत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी राहिली. आता विचार करा. ज्या तरुणाने पोरवयात बापाबरोबर सत्याग्रह पाहिला, तो लष्करात जातो आणि रजेवर गणवेश घालून गावात येतो. वेशीतून येताना त्याने बूट काढायचे की नाही? पाटलाने त्याला ‘ये’ म्हणायचे की ‘या’? आणि महारवाड्यातली ती मुलगी, जिने त्याला जाताना खाली मान घालून चालताना पाहिले होते, ती आता काय पाहते? युद्धातल्या प्रेमकथेचा नायक दर वेळी बागायतदाराचा मुलगा का असतो, हे मला कधी समजले नाही. पलटणीत सगळ्या घरांतली मुले गेली. प्रेमही सगळ्यांनीच केले.

किंवा १९६२ घ्या. चीनने हल्ला केला, यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते आमच्या नाशिकमधून. त्याच हिवाळ्यात संरक्षण निधीला बायका अंगावरचे सोने काढून देत होत्या. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सराफ-सोनारांच्या घरची चूल मंदावली. माघ-फाल्गुनात लग्न ठरलेले आहे, नवरा मुलगा नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात आहे, निरोप नाही, मुलीच्या आईने पाटल्या निधीला दिल्या आहेत, आणि सोनार म्हणतो मंगळसूत्राच्या वाट्या चौदा कॅरटच्याच होतील. मुलगी काय म्हणेल? या एका घरात अख्खे युद्ध मावते.

१९७१ च्या लढाईविषयी थोडे जास्त लिहिते. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली, गावोगाव पेढे वाटले गेले. पुढच्या पावसाळ्यात पाऊसच आला नाही. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ अजूनही वर्षाच्या नावाने ओळखला जातो. तेरा दिवसांच्या लढाईपेक्षा आमच्या बायकांनी तो दुष्काळ जास्त लक्षात ठेवला, कारण खडी फोडायला त्या स्वतः गेल्या होत्या. तांबडी मिलो ज्वारी, पोरांच्या हातात सुकडी, दुष्काळी कामावरची हजेरी. त्या हजेरीपटावर जिचे नाव आहे आणि जिच्या नवऱ्याचे नाव सैन्याच्या यादीत ‘बेपत्ता’ म्हणून आहे, तिची गोष्ट कुणी सांगितली? भारत सरकारच्या यादीत असे ५४ जण आहेत, बहुतेक १९७१ च्या युद्धातले. ते पाकिस्तानच्या तुरुंगांत असावेत असे आपल्याकडे मानले गेले, पाकिस्तानने नेहमी नाकारले. २००७ मध्ये काही नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊनही आले, पण कुणी सापडले नाही. कायदा म्हणतो, सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मेला असे धरता येते. गाव मात्र सात वर्षे थांबत नाही, आणि कधीकधी सात वर्षांनंतरही विसरत नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही? वटपौर्णिमेला ती वडाला गेली तर कुजबुज, न गेली तरी कुजबुज. तिने कुंकू पुसले तर तिनेच त्याला मारल्यासारखे. आणि या सगळ्यात तिचे वय बावीस-तेवीस. तिला कुणी आवडले तर? तो दुष्काळी कामावरचा मुकादम असेल, बालवाडीला धान्य पोचवणारा असेल, माघारी आलेला नवऱ्याचा दोस्त असेल. हे प्रेम पाप आहे की तिचा हक्क? ज्या दिग्दर्शकाला हा प्रश्न प्रेक्षकासमोर उघडा ठेवता येईल त्याच्यासाठी मी थिएटरबाहेर रांगेत उभी राहीन.

विधवेची गोष्ट तर त्याहून अवघड. तुमचा चित्रपट पेटी गावात आल्यावर संपतो. गावात गोष्ट तिथून सुरू होते. मानवंदनेच्या फैरी झडतात, पुढारी येऊन जातात, चौकात फलक लागतात. तेराव्यानंतर ती कांद्याच्या वाफ्यात खुरपे घेऊन बसलेली असते. मग पैशांचा प्रश्न येतो. निवृत्तिवेतन कुणाचे, आईबापांचे की तिचे? सून माहेरी गेली तर? दुसरे घर केले तर? आपल्याकडे अनेक समाजांत पाट लावायची रीत होती, विधवेने दुसरे घर करणे नवीन नव्हते. पण सैनिकाच्या विधवेच्या बाबतीत सरकारी नियमही त्या घरात शिरले. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने पुन्हा लग्न केले तर बंद व्हायचा. एका माणसाशी केले तर मात्र चालू राहायचा, मृत नवऱ्याच्या भावाशी. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ च्या नोव्हेंबरात काढून टाकली. तोवर कित्येक घरांत सासरच्यांनी दिराचे नाव पुढे केले असेल, कधी मायेने, कधी पैशांसाठी. आणि तो दीर? जो लहानपणी तिच्या पदराला धरून जेवायला बसायचा, ज्याचे स्वतःचे कॉलेजात कुणावर मन बसले आहे, त्याला अचानक सांगितले जाते की उद्यापासून वहिनी तुझी बायको. त्या दोघांची पहिली रात्र कशी असेल? कदाचित दोघेही मेलेल्या माणसाबद्दलच बोलत बसतील. कदाचित वर्षांनी त्यातून खरोखरचे प्रेम उगवेल. ते दाखवायला हिंमत लागते. ती तुमच्यात आहे असे मी समजते, नाहीतर हे पत्र लिहिलेच नसते.

काही बारीक गोष्टी जाता जाता सांगते. १९४२ च्या निफाडमध्ये आजच्यासारखे मैलोन्‌मैल द्राक्षांचे मांडव दाखवू नका. बाजरी, गहू, हरभरा, मोटेचे पाणी दाखवा. बागलाण-मालेगावकडची बाई घरात अहिराणी बोलते, तिच्या तोंडी पुण्याची भाषा नको आणि ‘गावरान’ म्हणून बनवलेली कुठलीच नसलेली भाषा तर अजिबात नको. त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याकडे नागली आणि वरई पिकते, तिथली आदिवासी मुलेही सैन्यात जातात. महायुद्धाच्या गावात लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, रेशन, काळाबाजार, रॉकेलची टंचाई हे सगळे होते. लग्नात नवे लुगडे मिळणे कठीण होते, तेव्हा नायिकेला प्रत्येक प्रसंगात नवी नऊवारी देऊ नका. आणि पावसाची गाणी इगतपुरीत करायचीच असतील तर करा, पण त्याच पावसात आवणी करणाऱ्या बायकांच्या पायांना चिखल्या होतात, तेही एकदा पाहून घ्या.

खर्चाचे म्हणाल तर रणांगण उभे करायला पैसा लागतो, ओटा उभा करायला लागत नाही. मराठी चित्रपटाकडे पैसा कमी असतो असे तुम्हीच सांगत असता. मग जे आपल्याला परवडत नाही त्याच्या मागे लागून अर्धामुर्धा धूर दाखवण्यापेक्षा, जे आपल्या हाताशी आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, ते का दाखवू नये? अभिनय करणारी माणसे मराठीत उत्तम आहेत. दारामागे उभे राहून गाईची ओळ ऐकणारा चेहरा त्यांच्यातली एखादी असा देईल की तोफेच्या शंभर गोळ्यांना तो जमणार नाही.

आता शेवटची, कामाची विनंती. पटकथा लिहून झाली की छायाचित्रणाची तारीख ठरवण्याआधी ती घेऊन इथे या. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असते, नाशिकमध्येही आहे. त्यांच्यामार्फत माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरी रीतसर विचारून जाता येते. बरोबर कॅमेरा आणू नका, पहिल्या खेपेला वहीसुद्धा नको. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या, निफाडकडे कांदा निवडणाऱ्या, दारणाकाठी ऊस बांधणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या मध्ये बसून ती पटकथा मोठ्याने वाचा, जशी त्यांनी आयुष्यभर पत्रे ऐकली तशी. कुठे त्या हसतील, कुठे एकमेकींकडे बघतील, कुठे ‘असं नसतं हो’ म्हणतील. त्या जागा खुणा करून ठेवा आणि परत लिहा. ज्यांच्या घरातली पत्रे, कुपने, ट्रंका अजून आहेत त्या दाखवायला मी आणि माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका तुमच्याबरोबर येऊ. चित्रपट तयार झाला की पहिला खेळ मुंबईत न करता त्याच गावातल्या शाळेच्या पटांगणात लावा, आणि पुढच्या रांगेच्या खुर्च्या पुढाऱ्यांना देण्याऐवजी त्या बायकांना द्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नाशिक